दुकानातली घड्याळं जुळतात का? आजच तपासा

गुलमंडीतल्या आपल्या दुकानात ग्राहक म्हणाले, "५०० दिले". काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "२००". बिल ६:१० चं, पण कॅमेऱ्यात ६:१० ला काउंटर रिकामा! संशय पोरावर गेला. नंतर कळलं, रेकॉर्डरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. ६:१७ चं फुटेज पाहिलं, पोरगा खरा निघाला.

कॉम्प्युटरचं घड्याळ क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालतं. दहा लाखांत २० भागांची चूक असली तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्यात ५० च्या वर.

तपासणी अशी करा:

१. मोबाईलची वेळ ऑटोमॅटिक ठेवा. बिलिंग पीसी आणि रेकॉर्डर त्याच्याशी ताडून फरक वहीत लिहा.

२. विंडोजच्या डेट अँड टाइममध्ये 'सिंक नाऊ' दाबा. रेकॉर्डरमध्ये एनटीपी चालू करा. सर्व्हर: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. भारताची प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा आहे.

३. आठ दिवसांनी पुन्हा ताडा. फरक मिनिटांत आला, तर सिंक होत नाहीये. पीसी बंद करून चालू केल्यावर तारीखच मागे जात असेल, तर मदरबोर्डचा सेल बदला.

माणसावर संशय घेण्याआधी घड्याळ तपासा. तुमच्याकडे किती फरक निघाला, कमेंटमध्ये सांगा!