संगणकीय पात्रांचा व्यापार आणि परवान्याचा कागद

कापडाचे एक ठाण दोन गिऱ्हाइकांस विकता येत नाही, हा नियम आपण लहानपणी गादीवर बसूनच शिकलो. माझ्या पुतण्याने मात्र एकच वस्तू चाळीस जणांस विकली, आणि चाळिसाव्या विक्रीनंतरही ती त्याच्यापाशी जशीच्या तशी आहे. ही वस्तू म्हणजे संगणकावर घडविलेले एक थ्रीडी पात्र होय. आपल्या घरांतील काही मुले या कामाकडे वळली आहेत व वडीलधाऱ्यांस तो निव्वळ खेळ वाटतो. म्हणून या व्यापाराची थोडी माहिती व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहे.

हा माल घेतो कोण, हा प्रश्न प्रथम मलाही पडला होता. व्हीआरचॅटसारख्या आभासी भेटीच्या ठिकाणी माणूस निवडलेले रूप धारण करून वावरतो. कित्येक जण अशा रूपात यूट्यूबवर कार्यक्रमही करतात. त्या रूपास मोल आहे. जपानमध्ये पिक्सिव्ह कंपनीचे बूथ नावाचे ऑनलाइन दुकान या मालाबद्दल प्रसिद्ध आहे. घडविण्याचे ब्लेंडर हे साधन विनामूल्य मिळते. भांडवल थोडे लागते. कसब मात्र पुष्कळ हवे.

आता बांधणीविषयी. पुडके म्हणजे एक झिप फाइल. तीत पात्राचा आकार, त्यावर चढवावयाची रंगचित्रे, हातपाय हलावेत म्हणून आत बसविलेला सांगाडा, आणि बोलताना ओठ हलावेत म्हणून केलेली मुखाची रूपे असतात. सोबत सूचनापत्र हवेच. मालाचे वजन येथे त्रिकोणांत मोजतात, कारण प्रत्येक पात्र असंख्य बारीक त्रिकोणांचे बनलेले असते. व्हीआरचॅटमध्ये संगणकावर ७०,००० त्रिकोणांवरील पात्र सर्वांत खालच्या प्रतीत पडते. अँड्रॉइडवर हीच मर्यादा २०,००० आहे. हा आकडा दर्शनी पानावर स्पष्ट लिहावा. फाइल एकदा हाती गेली की ती खऱ्या अर्थाने परत घेता येत नाही, म्हणून नमुना आधी दाखविणे बरे. पात्र खरेदीपूर्वी अंगावर चढवून पाहण्याची सोय कित्येक विक्रेते ठेवतात. चित्रात सुंदर दिसणारा पदर चालताना पायात शिरतो, हे तेव्हाच कळते!

परंतु खरा माल पुडक्यात नसून परवान्यात आहे. गिऱ्हाईक पात्राचा मालक होत नाही, त्यास केवळ वापराची मुभा मिळते. जपानमध्ये २०१८ साली पुढे आलेल्या व्हीआरएम या फाइलप्रकारात ही मुभा फाइलीच्या आतच नोंदविता येते : हे रूप कोणी धारण करावे, व्यापारी उपयोग चालेल काय, हिंसेच्या दर्शनास अनुमती आहे काय. ‘हिंसेस अनुमती नाही’ अशी खूण करून माल बाजारात सोडता येतो, हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल. कापसाच्या गासडीवर असे काही लिहिण्याची सोय आपल्याला कधी नव्हती. अर्थात, ही खूण कोणाचा हात धरीत नाही. म्हणून निराळा कागदही हवा.

येथेच आमच्या घरात चूक झाली. पुतण्याने सूचनापत्रात ‘यथेच्छ वापर करावा’ एवढेच लिहिले होते. एका परदेशी गिऱ्हाइकाने पात्रास नवे कपडे चढविले आणि स्वतःच्या नावाने ते विकावयास ठेवले. विचारणा करता उत्तर आले, ‘आपणच यथेच्छ म्हटले होते.’ दोष निम्मा आमचाच, असे मला तेव्हाही वाटले व आजही वाटते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवाना लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर परवाना भारतापुरताच समजला जातो. गिऱ्हाइके बहुतेक परदेशांत, आणि कागद मात्र भारतापुरता! यास्तव मुदत, प्रदेश, फेरबदल, पुनर्विक्री या चारही गोष्टी शब्दांत लिहाव्या. एखाद्याच्या मागणीवरून त्याच्यासाठीच पात्र घडविले असेल, तर तेच दुसऱ्यास विकण्याचा हक्क घडविणाऱ्याकडे राहतो की नाही, हे पैसे घेण्यापूर्वी ठरवावे. एकट्यासाठी केलेल्या कामाचा भाव त्यावरूनच ठरतो. पात्राचे केस वा कपडे दुसऱ्या कारागिराकडून घेतले असतील, तर त्याच्या परवान्यात पुढे विकण्याची मुभा आहे काय, तेही पाहावे.

पुतण्याने आता नवा कागद केला आहे व पुढील विक्री त्यावर चालते. जुन्या चाळीस जणांकडे मात्र ‘यथेच्छ’ हाच शब्द आहे. त्यांची नोंद त्याने वेगळ्या खात्यात करून ठेविली आहे.