चि. मुक्तास, बुटांबद्दल



नलूवन्संची सून दिवाळीच्या कार्यक्रमात तुला भेटली म्हणे. तिने सासूला सांगितलं, सासूने मला, आणि वाटेत तिखटमीठ किती पडलं ते देव जाणे. माझ्यापर्यंत आलं ते असं : ‘तुमची भाची पैठणीखाली शिपायासारखे बूट घालून आली होती. बुटांना ही एवढाली बक्कलं आणि वर खिळे. आणि लंगडत होती.’

बुटांचं ऐकून मला हसू आलं होतं. शेवटचं वाक्य ऐकलं आणि ते जिरलं. दादाला अजून बोलले नाही. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे, तो थेट विमानाचं तिकीटच काढेल.

आधी रागावून घेते. पैठणी तुझ्या आजीची आहे, आणि बक्कल म्हणजे जरीचा वैरी. एक तार ओढली गेली की काठ आवळतो, आणि तसं रफू करणारा माणूस आता शोधून सापडत नाही. बंड करायचं तर स्वतःच्या पगारातल्या साडीवर करावं.

मग मी फोटो मागवला. चष्मा लावून, मोठा करून पाहिला. खरं सांगू? बूट वाईट दिसत नव्हते. साडीची उंची चुकली होती. निऱ्या जमिनीला टेकलेल्या आणि त्यातून बुटाचं नाक डोकावतंय, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की हिला चपला मिळाल्या नाहीत म्हणून घरातल्या कोणाचे तरी बूट चढवलेत. बूट घालायचे तर दाखवायचे. परकर चार बोटं वर घे, निऱ्या घोट्याच्या वर ठेव, साडी सुती किंवा खणाची घे, म्हणजे तिलाही बुटाइतकं अंग असतं. नऊवारीवर तर हे बूट जन्मजात शोभतील, पण ते नलूवन्संसमोर बोलू नकोस.

ऑफिसातही हेच घालतेस असं कळलं. इतकी वर्षं बायकांचे कपडे बेतले, तेवढ्या अधिकाराने सांगते. पँट बुटाच्या गळ्यापाशी अर्धवट गोळा झाली की सगळं गबाळं दिसतं. एकतर पायघोळ, सरळ पँट घे, ती बुटावरून खाली पडू दे, फक्त नाक आणि तळ दिसेल. नाहीतर बुटाच्या काठाला नेमकी संपणारी पँट. स्कर्ट असेल तर त्याची कड बुटाच्या गळ्याच्या खाली उतरू दे, किंवा मध्ये बुटाच्याच रंगाचे जाड मोजे घाल, म्हणजे पाय मध्येच तुटल्यासारखा दिसत नाही. खिळे, साखळ्या, बक्कलं काय असतील ती बुटांवरच राहू देत. वर कडक इस्त्रीचा शर्ट, साधी पर्स, कानात मोती. आणि पॉलिश! धसमुसळ्या बुटाला पॉलिश नसेल तर तो नुसता धसमुसळा उरतो.

पण टाच. तुझी टाच कशी आहे ते सांग.

तुझ्या आजोबांचं, अण्णांचं तुला आठवणार नाही, तू मांडीवरची होतीस. तुझ्या थोरल्या काकाच्या लग्नात नवे पंप शू घातले, चावले, फोड आला. साखरेने पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे त्यांना कळलंच नाही. मोज्याला रक्त दिसलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. पुढचं घरात कोणी बोलत नाही, पण ते बोट गेलं ते त्या फोडापायी. तुझा गेल्या वर्षीचा साखरेचा रिपोर्ट काठावर होता. तुझ्या वयात एवढ्याने काही होत नाही असं डॉक्टर म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. पण मी अण्णांचं ड्रेसिंग करत होते, म्हणून लंगडणं हा शब्द मला ऐकवत नाही.

गंमत अशी की या जातीच्या बुटांची गोष्टच दुखऱ्या पायापासून सुरू होते. आपल्या ओंकारने सगळी सांगितली. क्लाउस मार्टेन्स नावाचा जर्मन सैन्यातला डॉक्टर, 1945 साली बर्फावर घसरताना त्याचा घोटा दुखावला. लष्करी बूट सोसेनात म्हणून त्याने हवेची गादी असलेला मऊ तळवा बसवून बूट केले. पुढे तुमच्या इंग्लंडातल्याच नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या ग्रिग्ज कंपनीने त्याचे हक्क घेतले, आणि 1 एप्रिल 1960 ला आठ भोकांचा तो बूट बाजारात आला. त्या तारखेवरूनच त्याचं नाव 1460. पहिल्यांदा घातला तो पोस्टमननी आणि कारखान्यातल्या कामगारांनी, दिवसभर उभं राहावं लागायचं म्हणून. बँडवाली आणि केस रंगवलेली पोरं मागून आली. म्हणजे बंडखोर दिसण्याआधी तो बूट पायाला सुखाचा होता. तुझा कुठल्या कंपनीचा आहे ते मी विचारत नाही, सुखाचा आहे का ते विचारते.

नवं जाड कातडं ऐकत नाही. ते पहिल्याच दिवशी कार्यक्रमाला घालतात का? घरात जाड मोजे घालून तास-तासभर वावरायचं. लेस घोट्यापाशी घट्ट बांधायची, सैल राहिली की टाच आत वरखाली होते आणि तिथेच फोड येतो. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, तोवर पाय फुगलेले असतात. आणि एक नंबर लहान घेऊ नकोस, कोणासाठीही नाही.

हे मी का सांगते ते माझ्या पायाकडे पाहिलंस तर कळेल. आपल्या घरातल्या बायकांचे पाय मोठे, तुझे नि माझे तर एकाच साच्यातले. मला पाहायला येणार होते तेव्हा आईने लक्ष्मी रोडवरून एक नंबर लहान सँडल आणल्या, ‘पाय नाजूक दिसायला हवेत’ म्हणून. लग्न जमलं, सँडलही पुढे वापरल्या. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलंय ते तेव्हापासून. त्याच दिवसांत कॅम्पात एक पारशी बाई दिसायच्या, शाळेत शिकवायच्या बहुतेक. कडक इस्त्रीचा राखाडी स्कर्ट, पांढरा ब्लाउज आणि पायात पुरुषी, तपकिरी, लेसचे बूट, नाकावर बारीक भोकांची नक्षी. चालायच्या अशा की रस्ता त्यांच्या वडिलांचा. तसेच बूट मी एका दुकानाच्या काचेत पाहिले होते. पैसे होते जवळ, शिलाईचे, माझेच. आत गेले नाही. ते गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, सासूबाईंना कसे दिसतील याचाच हिशेब करत बाहेर उभी राहिले. अजून कधी कधी वाटतं, घेतले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं?

म्हणून तुझे बूट टाकून दे असं मी म्हणणार नाही. फोटोत तू ताठ उभी होतीस, लंगडत असलीस तरी. मला ते आवडलं, राग आला तरीही आवडलं. फक्त रोज रात्री मोजे काढल्यावर टाच, बोटांमधली जागा, तळवा नीट बघत जा. फोड असेल तर फोडू नकोस, आणि तो कोरडा होईपर्यंत साध्या चपला घाल. उद्या दिवसाउजेडी टाचेचा फोटो पाठव, ‘बरी आहे गं’ एवढ्यावर भागवू नकोस.

जानेवारीत ओंकारचा मित्र तिकडे येतोय. त्याच्याबरोबर जाड सुती मोजे आणि खणाची साडी देते. तुझ्या उंचीचं माप माझ्याकडे आहे, परकर बुटांच्या मापाने आखूड शिवलाय. डिंकाचा लाडूही असेल, एकच, साखरेमुळे.

आणि हो, नलूवन्संना मी सांगून टाकलंय की ते बूट मीच तुला घ्यायला लावले, थंडीत घोट्याला आधार हवा म्हणून. त्यांच्या सुनेने विचारलं तर तेवढं सांभाळून घे.

तुझी,
आत्या