वाचावे, पारखावे, विचारावे

दुसऱ्याच्या दुःखाने मन कळवळणे ही समाजसेवेची पहिली पायरी होय. परंतु केवळ कळवळ्याने दुःख दूर होत नाही. त्यास ज्ञानाची जोड लागते. म्हणूनच १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था.

पूर्वी अशा ज्ञानासाठी मोठ्या ग्रंथालयात जावे लागे. आज कुकटपल्लीतील आपल्या घरी बसून मोबाईलवर कायदे, जनगणनेचे आकडे आणि संशोधकांचे लेख वाचता येतात. मात्र वाचलेले पारखून घेतले पाहिजे.

समजा, आपल्या वसाहतीजवळच्या उपाहारगृहात बारा वर्षांचा एक मुलगा कपबशा विसळतो. आपण इंटरनेटवर शोध घेतला आणि १९८६ च्या बालकामगार कायद्याचा मूळ मसुदा हाती आला. त्यातील निषिद्ध कामांच्या यादीत उपाहारगृह नव्हते. ते २००६ मध्ये आले. पुढे २०१६ च्या दुरुस्तीने, मोजके अपवाद वगळता, चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा ठरले. जुन्या पानावर विसंबणारा मनुष्य त्या मुलाला न्याय नाकारून बसेल! यास्तव, माहिती कोणी दिली आणि ती कधीची आहे, हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत. कायदा शक्यतो शासनाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावरच वाचावा.

तिसरा प्रश्न, ती कोठली? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा लेख १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. पण ती खेडी रुग्णालयापासून दूर होती; कुकटपल्लीतील मजूर मातेची अडचण निराळी असू शकेल. शिवाय ध्यानात घ्या, ते आकडे कोणीतरी दारोदार जाऊन, जन्ममृत्यूंची नोंद करून मिळवले होते. पडद्यावरील ज्ञानाचा उगम असा उंबरठ्यावरच असतो.

म्हणून अखेरचा प्रश्न त्या मुलालाच विचारावा. तो शाळेत का जात नाही? वडील आजारी आहेत, की शाळेची भाषा त्याला परकी वाटते? याचे उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर नाही. ते प्रेमाने ऐकावे, वडीलधाऱ्यांस सांगावे आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. वाचनाने दृष्टी येते. विचारपूस केल्याने माणूस दिसतो.