बटेरची अंडी उजेडावर पारखताना

जिंतूर तालुक्यातील येलदरी हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे सर्वांना माहीत आहे. तेथील आमच्या परिचयाच्या एका कारागीर बंधूंनी गेल्या मे महिन्यात जोडधंदा म्हणून बटेरची १०० अंडी विकत आणून इन्क्युबेटरमध्ये ठेवली. पाचव्या दिवशी टॉर्चवर पाहिले तर ४० अंड्यांत काहीच दिसेना. अंडी वांझ निघाली असे समजून त्यांनी ती बाहेर काढली आणि विक्रेत्याचे उरलेले पैसे अडवून धरले. आम्ही त्यातील काही अंडी फोडून पाहिली. काहींमध्ये रक्ताच्या ताज्या शिरा होत्या! म्हणजे चालता माल त्यांनी स्वतःच्या हाताने फेकला होता. असे नुकसान इतर बांधवांचे होऊ नये, म्हणून हा लेख.

आपण ज्याला बटेर म्हणतो तो पाळीव पक्षी म्हणजे जपानी लावा. १९७४ साली तो इज्जतनगर येथे संशोधनासाठी आणला गेला. रानातील लावे पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. धंदा करावयाचा तो पाळीव जातीचाच.

घाई का नको?

बटेरचे अंडे दहा-बारा ग्रॅमचे असते आणि कवचावर काळे-तपकिरी डाग असतात. त्यामुळे कोंबडीच्या पांढऱ्या अंड्याप्रमाणे आतले लवकर दिसत नाही. पिल्ले १७ ते १८ दिवसांत निघतात. आमच्या मते पहिली तपासणी आठव्या दिवशी व दुसरी चौदाव्या दिवशी करावी. पहिल्या तपासणीत शंका आली तर अंड्यावर पेन्सिलीने खूण करून ते परत ठेवावे. शाई वापरू नये.

तपासणी कशी करावी?

खोलीत पूर्ण अंधार करावा. प्रखर एलईडी टॉर्चच्या तोंडावर पुठ्ठा बसवून त्याला अंड्याच्या रुंदीपेक्षा थोडे लहान भोक पाडावे व भोकाभोवती सायकलच्या ट्यूबची चकती लावावी, म्हणजे बाजूने उजेड फुटत नाही. हात स्वच्छ व कोरडे असावेत. अंड्याचे रुंद टोक भोकावर धरून हलके फिरवावे. काही सेकंद पुरेत. थोडी थोडी अंडीच बाहेर काढावीत.

आठव्या दिवशी चालू अंड्यात काळसर ठिपका व त्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा दिसतात. शिरा नसून फक्त तांबडे कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेला असे समजावे. सर्व अंडे एकसारखे उजळ, आत फक्त बलकाची सावली, असे असेल तर ते ‘साफ’ अंडे. चौदाव्या दिवशी चालू अंडे जवळजवळ काळे भरलेले व फक्त रुंद टोकाची हवेची पोकळी उजळ दिसते. त्या दिवसापासून अंडी फिरवणे बंद करून ओलावा वाढवावा.

साफ अंडे म्हणजे वांझ अंडे नव्हे

खरी चूक येथेच होते. गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांत मेला तरी अंडे साफच दिसते. म्हणून काढलेली साफ अंडी बशीत फोडून पाहावीत. बलकावर लहान, भरीव पांढरा ठिपका असेल तर अंडे वांझ. ठिपका मोठा व कड्याकड्यांचा असेल तर फळ धरले होते, नंतर मेले.

वांझ अंडी जास्त असतील तर दोष नर-मादीच्या प्रमाणात किंवा नराच्या वयात शोधावा. दोन-तीन माद्यांमागे एक नर ठेवावा. मेलेली जास्त असतील तर साठवण व उष्णता तपासावी. अंडी थंड जागी ठेवून आठवड्याच्या आत लावावीत. इन्क्युबेटरचे तापमान सुमारे ९९.५ अंश फॅरनहाइट असावे. आमच्या मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या अंड्यांत गर्भ आधीच अर्धवट वाढू लागतो व पुढे मरतो.

हिशेब असा मांडावा

समजा १०० अंडी लावली आणि १८ साफ निघाली. फोडल्यावर १२ वांझ व ६ मेलेली आढळली. म्हणजे फळलेली अंडी ८८. पिल्ले ६६ निघाली तर ती फळलेल्या अंड्यांच्या ७५ टक्के. विक्रेत्याला जाब विचारायचा तो त्या १२ पुरता. उरलेल्या २२ अंड्यांसाठी आधी आपली साठवण व आपले यंत्र पाहावे.

येलदरीच्या बंधूंची अंडी तीन दिवस पत्र्याखाली पडून होती. फोडलेल्या अंड्यांत वांझ फारच थोडी निघाली. हे ध्यानात येताच त्यांनी विक्रेत्याचे पैसे चुकते केले. आता ते प्रत्येक खेपेचा हिशेब वहीत लिहितात.

शेवटी एकच. इन्क्युबेटरमधून काढलेले अंडे, साफ असले तरी, खाण्यासाठी विकू नये. ते जमिनीत पुरावे. चार पैशांसाठी गिऱ्हाईक व नाव दोन्ही गमावणे परवडणारे नाही.