शिकार, आमिष आणि चांदीची वाघीण

गेल्या महिन्यांत घोडपदेव येथील आमच्या मंडळींतल्या मुलांस घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेंत गेलों होतों. परत येतांना एका मुलानें विचारिलें, “वाघास मारणें हें पाप आहे काय?” मीं कांहीं बोलण्यापूर्वींच आमच्याबरोबरचे एक पाहुणे, जे यवतमाळ जिल्ह्यांतले शेतकरी आहेत, म्हणाले, “पाळकसाहेब, शहरांत बसून ह्याचें उत्तर देऊं नका. आमच्याकडे कापूस वेचावयास जाणाऱ्या बाईस विचारा.” त्यांचें बोलणें मनास लागलें, म्हणून हा पाठ लिहावयास घेतला आहे.

पाहुण्यांच्या मनांत होती ती टी-१ नांवाची वाघीण. शहरांतील लोक तिला अवनी म्हणत. पांढरकवडा व राळेगांव ह्या भागांत २०१६ पासून दोन वर्षांत तेरा माणसें मेलीं, व त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूचा दोष तिजवर आला. मेलेलीं माणसें गुरें राखणारीं व शेतांत राबणारीं होतीं. सरकारचा हुकूम असा होता कीं, तिला प्रथम गुंगीचें औषध देऊन पकडावें. तें न साधल्यासच गोळी घालावी. ११ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या हुकुमांत हात घातला नाहीं. मात्र मारणाऱ्यास कोणतेंही बक्षीस देऊं नये, असें त्यानें बजाविलें.

वाचकांनीं ह्या शेवटल्या अटीवर थोडें थांबावें. अंगणांत शिरलेला विषारी साप मारावा लागतो; पण तो मारल्याबद्दल कोणी गळ्यांत हार घालून घेत नाहीं. जें निरुपायानें करावें लागतें, त्यास बक्षीस लाविलें कीं त्याचा खेळ होतो, आणि खेळ झाला म्हणजे मनुष्य निरुपायाची वाट पाहत नाहीं, तो संधि शोधूं लागतो.

आपल्या देशांत हा खेळ पुष्कळ चालला. संस्थानिक व इंग्रज अंमलदार रानांत रेडकूं बांधीत, वर मचाण घालीत, अथवा गरीब गांवकऱ्यांकडून हाका करवून वाघास बंदुकीपुढें आणवीत. मग कातडें जमिनीवर व मुंडकें भिंतीवर. भुकेनें आलेल्या जनावरास झाडावरून मारण्यांत शौर्य तें कोणतें? (रात्रभर दावणीस ओरडत राहणाऱ्या त्या रेडकाचा विचार तर कोणीच केला नाहीं.) परदेशांत ही हौस अजून आहे. २०१५ सालीं झिंबाब्वे देशांत सेसिल नांवाच्या सिंहास मांसाचें आमिष दाखवून राखीव रानाबाहेर आणिलें, बाणानें घायाळ केलें व कित्येक तासांनंतर मारिलें. शिकारी पैसे भरून आलेला होता, आणि त्यास हवें होतें तें सिंहाचें डोकें.

आमिष दाखविणें सर्वथा वाईट असें मात्र माझें म्हणणें नाहीं. आमिषानें बिबट्या पिंजऱ्यांत आला तर त्याचा जीव वांचतो आणि गांवाचाही. अवनीसाठींही जनावरें बांधलीं, कॅमेरे लाविले, हत्ती आणिले, परदेशी अत्तराचाही उपाय योजिला. हेतु पकडण्याचा असेपर्यंत ह्यांत दोष नाहीं. परंतु २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटीजवळ ती गोळीनें मेली, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीनें त्या कामीं नियम मोडल्याचें नमूद केलें. तिला सुमारें दहा महिन्यांचीं दोन पिल्लें होतीं. अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत पक्ष्याचें कोटें सांपडल्यास पिलांबरोबर आईसही नेऊं नये अशी आज्ञा आहे, ती येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. एसाव रानांत गेला तोही बापाच्या ताटासाठीं, भिंतीसाठीं नव्हे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें मनुष्याच्या जिवास धोका असलेला वाघ पकडतां येत नाहीं अशी मुख्य अधिकाऱ्याची खात्री झाल्यावरच मारतां येतो, व मेलेलें जनावर सरकारजमा होतें. म्हणजे मारणाऱ्याच्या घरीं नेण्यास नखही उरत नाहीं. तथापि २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें तक्रार आली कीं, नेमबाजास वाघिणीची चांदीची प्रतिमा देण्यांत आली. आनंद गांवकऱ्यांनीं साजरा केला, अधिकाऱ्यांचा त्यांत भाग नव्हता, असें सांगितल्यावर तें प्रकरण पुढें चाललें नाहीं.

मीं हें पाहुण्यांस सांगितलें तेव्हां ते बराच वेळ गप्प होते. “ज्याच्या घरचें माणूस गेलें त्यानें फटाके वाजविले, त्यास मी नांवें ठेवणार नाहीं,” ते म्हणाले. “पण चांदी कशास?” त्यांच्या पहिल्या वाक्याशीं मीही सहमत आहें. दुःखानें भाजलेल्या गांवास आपण येथून उपदेश करूं नये.

मुलास मात्र पिलांचें काय झालें एवढेंच हवें होतें. मादी पिलूं डिसेंबर २०१८ मध्यें पकडून पेंचच्या रानांत नेलें. मार्च २०२१ मध्यें तिला मोकळें सोडिलें, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघिणीशीं झालेल्या झुंजींत ती मेली. तें मीं त्यास सांगितलें.