ग्रंथपालाचे स्वतःचे वाचन

शाळेच्या ग्रंथालयात आपण जातो ते पुस्तक मागावयास. ग्रंथपाल कपाटातून पुस्तक काढतात, नोंदवहीत सही होते आणि आपण वर्गाकडे वळतो. परंतु जे वर्षभर दुसऱ्यांच्या हाती पुस्तके देतात ते स्वतः आपल्या कामाविषयी काय वाचतात, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या मनात आला असेल? प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार योजिला आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. पण शाळेच्या कपाटातील पुस्तके मुलांच्या हातांत फिरणार की कुलपात पडून राहणार, हे बरेचसे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

प्रथम ग्रंथपालाची अडचण समजून घेऊ. शाळेत गणिताच्या शिक्षकाला काही अडले तर तो शेजारच्या वर्गातील दुसऱ्या शिक्षकाला विचारू शकतो. ग्रंथपाल मात्र सगळ्या शाळेत एकटाच असतो. कित्येक ठिकाणी तर एखाद्या शिक्षकाकडेच कपाटाची किल्ली सोपविलेली असते आणि तास संपल्यावर उरेल त्या वेळात त्याला हे काम करावे लागते. त्यातून आमचे लामता हे बालाघाट-नैनपूर रेल्वेमार्गावरील गाव. येथील मुलाच्या घरी पोवारी किंवा गोंडी बोलली जाते, बाजारात हिंदी चालते आणि वर्गात मराठी. अशा मुलाच्या हाती पहिले पुस्तक कोणते द्यावे? कोणत्याही प्रकाशकाच्या सूचीत याचे तयार उत्तर सापडत नाही. ज्यांनी अशा मुलांत काम केले आणि आपला अनुभव लिहून ठेवला, त्यांच्या लेखांतच ते सापडण्याचा संभव असतो.

ग्रंथपालांनी एकमेकांसाठी लिहावे, ही कल्पना काही नवी नव्हे. अमेरिकेत १८७६ साली ग्रंथपालांचा संघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्यांचे नियतकालिकही निघाले. आपल्याकडे या बाबतीत बडोदे संस्थानाचे नाव आदराने घेतले पाहिजे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सोडल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे पुसट होत जातात, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यास होते. त्या काळात ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभे राहिले, ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग निघाले आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या.

पेटी गावात पोहोचली, की ती उघडणारा माणूसही तयार असला पाहिजे. यासाठी १९१२ साली बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक सुरू झाले. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे. खेड्यातील ग्रंथपालाला त्याच्या भाषेत त्याच्या कामाविषयी वाचावयास मिळाले पाहिजे, हा विचार त्यामागे दिसतो. ते त्रैमासिक पुढे बंद पडले. त्यातूनही एक धडा मिळतो. नियतकालिके जन्मतात आणि थांबतात. म्हणून ग्रंथपालाने एकाच झऱ्यावर विसंबून न राहता नव्या झऱ्यांचा शोध चालू ठेवावा.

दुसरे उदाहरण शि. रा. रंगनाथन यांचे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी ते गणिताचे अध्यापक होते. या कामाचे शिक्षण त्यांना नव्याने घ्यावे लागले. त्यासाठी ते इंग्लंडला गेले, तेथील अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली आणि मग स्वतःची दृष्टी घडविली. ग्रंथालयशास्त्राची त्यांची पाच सूत्रे १९३१ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वाढत्या देहाची उपमा देते. ग्रंथालय वाढत असेल तर त्याचा सांभाळ करणाऱ्याचे ज्ञान जागच्या जागी राहून कसे चालेल? १९४२ साली त्यांनी शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, हा आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. उपयोगी व्यावसायिक लेखन शोधावे कसे? आमच्या मते शोधाची सुरुवात नियतकालिकापासून न करता आपल्या अडचणीपासून करावी. ‘मुले ग्रंथालयात येत नाहीत’ असे मोघम न म्हणता ‘सातवीची मुले कथांची पुस्तके नेतात, पण विज्ञानाची का नेत नाहीत?’ असे नेमके लिहून काढावे. प्रश्न नेमका झाला, की उत्तराची दिशा दिसू लागते.

त्यानंतर जवळच्यांना विचारावे. बालाघाट किंवा गोंदिया येथील महाविद्यालयांचे ग्रंथपाल काय वाचतात, हे एका पत्राने कळू शकते. तिसरा मार्ग मागाचा. एखादा चांगला लेख मिळाला, की त्याच्या अखेरीस दिलेली ग्रंथांची व लेखांची यादी पाहावी. तीन-चार लेखांत एकच नाव पुनःपुन्हा आले, तर त्या लेखकाचे लेखन मिळवावे. चौथा मार्ग संस्थांचा. भारतीय ग्रंथालय संघ १९३३ पासून आहे, तर शालेय ग्रंथपालांचा आंतरराष्ट्रीय संघ १९७१ साली स्थापन झाला. अशा संस्था आपल्या सभासदांसाठी लेखन प्रसिद्ध करतात. १९५४ साली दिल्लीहून सुरू झालेले ग्रंथालयशास्त्राचे त्रैमासिक आज कोणासही विनामूल्य वाचता येते, आणि २०१८ साली राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय लहान गावातूनही उघडता येते.

मिळालेले सर्वच अनुसरण्याजोगे असते असे नाही. निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात. लेखकाने मुलांत प्रत्यक्ष काम केले आहे काय? लेखन केव्हाचे आहे? ते नियमितपणे येते काय? आणि सल्ल्याच्या आडून कोणी आपला माल तर विकत नाही ना? आम्ही यात आणखी एक कसोटी घालू. जो लेखक आपला फसलेला प्रयत्नही सांगतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

निवड झाली, की अनुसरणाची शिस्त हवी. दहा नियतकालिके चाळण्यापेक्षा तीन नीट वाचलेली बरी. आठवड्यातील अर्धा तास, समजा शनिवारी शाळा सुटल्यावरचा, यासाठी राखून ठेवावा. एका वहीत रकाने आखावेत: तारीख, लेखाचे नाव, घेण्याजोगा मुद्दा, आपल्याकडे केलेला प्रयोग आणि त्याचे फळ. शेवटचे दोन रकाने कोरे राहू लागले, तर वाचन केवळ करमणूक झाले असे समजावे. वर्षअखेर वही चाळून, ज्यातून वर्षभरात काहीच हाती लागले नाही ते नियतकालिक सोडून द्यावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका लेखात वाचले की पुस्तके उभी दाटून न ठेवता काही पुस्तकांची मुखपृष्ठे समोर दिसतील अशी मांडावीत. आपल्याकडे एकच कपाट आहे. तरी खिडकीजवळच्या बाकावर विज्ञानाची दहा पुस्तके तशी मांडता येतील. महिनाभर ती ठेवावीत आणि नोंदवहीवरून त्यांची देवघेव मोजून मागील महिन्याशी ताडून पाहावी. देवघेव वाढली, तर पद्धत चालू ठेवावी. न वाढली, तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. मोठ्या शहरात जे साधले ते आपल्याकडे साधेलच असे नाही. पण करून पाहिल्याविना ते साधणार नाही, असे म्हणण्याचाही आपल्याला अधिकार नाही.

शेवटची पायरी परतफेडीची. ज्या लेखांचा आपल्याला आधार झाला ते कोणीतरी सवड काढून लिहिले होते. पोवारी व गोंडी बोलणाऱ्या मुलांना मराठी पुस्तकांकडे कसे आणले, हा अनुभव लामत्याच्या ग्रंथपालाने लिहिला, तर तशाच एखाद्या गावी एकटा बसलेला दुसरा ग्रंथपाल तो वाचील आणि त्याचा एकटेपणा तेवढाच कमी होईल.

विद्यार्थी मित्रहो, यात तुमचाही वाटा आहे. हवे असलेले पुस्तक मिळाले नाही, तर मुकाट्याने परतू नका. तुमचा प्रश्न ग्रंथपालांना नेमक्या शब्दांत सांगा. कारण त्यांच्या वहीतील पहिला रकाना जरी तारखेचा असला, तरी त्या वहीची खरी सुरुवात तुमच्या प्रश्नानेच होत असते.