मेंदूतील गाठ : रेडिओसर्जरी आधी की नंतर?

प्रश्न : माझ्या आईचा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरला आहे. तिथली मोठी गाठ शस्त्रक्रियेने काढायची आहे. रेडिओसर्जरी त्याआधी करावी की नंतर?

उत्तर : नुसती गाठ काढून सहसा थांबू नये. अमेरिकेतील एम. डी. अँडरसन केंद्राच्या २०१७ मधील चाचणीत, फक्त शस्त्रक्रिया झालेल्या ४३ टक्के रुग्णांत वर्षभरानंतरही त्या जागी गाठ उलटली नव्हती. जोडीला रेडिओसर्जरी झालेल्यांत हे प्रमाण ७२ टक्के होते.

प्रचलित पद्धत शस्त्रक्रियेनंतरची. जखम भरू लागली की नवा एमआरआय काढून साधारण दोन ते चार आठवड्यांत उपचार करतात. त्याहून उशीर टाळावा.

आधी केल्यास अखंड गाठीवर किरण नेमके रोखता येतात आणि लगेच एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया होते. कर्करोग मेंदूच्या आवरणात पसरण्याचा धोका यात कमी दिसतो. मात्र हे निष्कर्ष मुख्यतः जुन्या नोंदींच्या अभ्यासांतले आहेत. मेंदूवरील दाब वाढला असेल किंवा गाठ कर्करोगाचीच आहे याची खात्री नसेल, तर आधी शस्त्रक्रियाच योग्य.

न्यूरोसर्जन आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट या दोघांनाही शस्त्रक्रियेपूर्वी भेटा. रेडिओसर्जरी नंतर करायची ठरली, तर तिची तारीख तेव्हाच ठरवून घ्या.